घरच्या बोलीचा तक्ता

चार वर्षांच्या शांततेनंतर शिकलगार सर बोलले, तेव्हा त्या खोलीत उभं राहायलाही जागा नव्हती.

खाटेशेजारी ठेवलेल्या करड्या खोक्यातून आवाज आला. थोडा घोगरा, थोडा थांबत, पण त्यांचाच.

"मित्रहो, आपण मुळापासून सुरुवात करू."

त्यांची मुलगी तहसीन दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली. सांगलीच्या कॉलेजातले त्यांचे जुने सहकारी चष्मे काढून डोळे पुसू लागले. यंत्र बनवणाऱ्या डॉक्टर अन्विता देवल मात्र कोणाकडेच बघत नव्हत्या, त्यांची नजर पडद्यावर खिळली होती. आणि सरांच्या पत्नी मेहरुन्निसा खाटेच्या पायथ्याशी ओला टॉवेल घेऊन उभ्या होत्या, कारण सरांचं अंग पुसायचं काम माणसं आल्यामुळे अर्धवट राहिलं होतं.

त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा रोजच्यासारखाच होता. डोळे अर्धवट उघडे, पंख्याकडे लागलेले, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ. ती त्यांनी टिपली. टिपताना त्यांच्या मनात जे आलं ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने आपल्याला एकदाही 'मित्रहो' म्हटलं नव्हतं.

झहीर शिकलगार सांगलीला गणित शिकवायचे आणि मिरजेत राहायचे. पण महाराष्ट्रभर त्यांना ओळखत ते अल्-किंदीवरच्या व्याख्यानांमुळे. अकराशे वर्षांपूर्वी बगदादमध्ये होऊन गेलेला हा तत्त्वज्ञ त्यांच्या बोलण्यात असा यायचा, जणू काल संध्याकाळीच त्याची गाठ पडली होती. ग्रीकांचं ज्ञान अरबीत आणणाऱ्या मंडळींमधला तो एक. भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा यावर त्याने लिहिलं, औषधाचा जोर मात्रेबरोबर कसा वाढतो हे गणिताने मांडायचा प्रयत्न केला, प्रकाशकिरणांवर लिहिलं, वाद्याच्या तारांवरच्या स्वरांची गुणोत्तरं काढली. त्याचे बहुतेक ग्रंथ काळाच्या ओघात गेले. हे सांगताना सरांचा आवाज घरातलं माणूस गेल्यासारखा खाली यायचा.

"अल्-किंदी आमच्या घरातला चौथा माणूस," मेहरुन्निसा शाळेच्या स्टाफरूममध्ये म्हणायच्या. त्या भूगोल शिकवत. "जेवायला मागत नाही, एवढंच बरं."

मग सरांच्या मेंदूच्या मुळाशी रक्ताची गाठ अडकली. ऐकू येत होतं, समजत होतं, पण शरीराला आज्ञा पोचत नव्हती. सुरुवातीला डोळे वर करून ते 'हो' म्हणू शकायचे. दुसऱ्या, लहानशा झटक्याने तेही नेलं. तेव्हापासून मेहरुन्निसा त्यांची कूस बदलत होत्या, नळीतून अन्न देत होत्या, घशातला कफ यंत्राने ओढून काढत होत्या, आणि उत्तराची वाट न बघता बोलायला शिकल्या होत्या. नंतर नंतर तेही त्यांनी सोडून दिलं.

अन्विता देवल सांगलीच्याच. कॉलेजात असताना त्यांनी सरांचं एक व्याख्यान ऐकलं होतं, आणि यंत्राची कल्पना त्यातूनच निघाली होती.

ऑपरेशनच्या आधी त्यांनी मेहरुन्निसांना सगळं समजावलं होतं. मेंदूच्या ज्या भागात जीभ-ओठ कसे हलवायचे ते ठरतं, त्या भागावर पोस्टाच्या तिकिटाएवढी पातळ जाळी ठेवायची. माणूस बोलायचा प्रयत्न करतो तेव्हा तोंड हललं नाही, तरी तिथे विजेचे ठसे उमटतात. प्रत्येक ध्वनीचा ठसा वेगळा. इतर रुग्णांच्या बाबतीत सोपं असतं. 'आई' म्हणा असं सांगायचं, ठसा पाहायचा, रुग्णाने खुणेने होकार दिला की पुढे जायचं. सरांकडून खूण मिळणं शक्य नव्हतं. ते जागे कधी, झोपेत कधी, सांगितलेला शब्द म्हणतायत की दुसराच, काहीच कळायला मार्ग नव्हता. हाती येणार होती ती नुसती खुणांची ओळ, अर्थ न कळणारी. सांकेतिक लिपीसारखी.

"आणि सांकेतिक लिपी किल्लीशिवाय कशी फोडायची, हे लिहून ठेवणारा आपल्याला माहीत असलेला पहिला माणूस अल्-किंदी," देवल म्हणाल्या होत्या. "त्या भाषेतला दुसरा एखादा भरपूर मोठा मजकूर घ्यायचा. त्यात कोणतं अक्षर सर्वांत जास्त येतं, त्याच्या खालोखाल कोणतं, असा तक्ता करायचा. मग सांकेतिक मजकुरातल्या चिन्हांचा तसाच तक्ता करायचा. दोन तक्ते शेजारी ठेवले की चिन्हांचे मुखवटे गळायला लागतात. सरांचे ठसे हे एक पान. त्यांच्या व्याख्यानांची ध्वनिमुद्रणं हे दुसरं. काकू, ही 'उकल' त्यांचीच आहे."

यंत्राचं नाव त्यांनी 'उकल' ठेवलं होतं.

पुढचे काही आठवडे घर जत्रेसारखं झालं. सर अंकांवर बोलले, तारांवर बोलले, सत्य कोणत्याही दारातून आलं तरी त्याला आत घ्यावं असं बोलले. वाहिन्यांची माणसं येऊन गेली. तहसीन पुण्याहून दर शनिवारी येऊ लागली. ती खाटेवर वाकून बोलायची आणि खोका उत्तर द्यायचा.

"अब्बा, तुम्हाला त्रास होतो का?"

"त्रास ही सापेक्ष गोष्ट आहे. प्रश्न असा की, आपण तो कशाशी ताडून पाहतो."

"बघितलंस अम्मी? अगदी अब्बा!"

मेहरुन्निसा औषधाची बाटली हलवत होत्या. "पाठ दुखते का विचार. उजव्या बाजूला लाल झालंय."

तहसीनने विचारलं. खोका पाठीच्या कण्यावरून शरीररचनेवर गेला आणि तिथून बगदादच्या वैद्यांवर.

पुढच्या भेटीत देवल तारा तपासत होत्या, तेव्हा मेहरुन्निसांनी विचारलं, "डॉक्टर, यात हे किती आणि तुमचा तक्ता किती?"

देवलांचा हात थांबला. "म्हणजे?"

"पाठ दुखली की हे 'पाठ' एवढंच म्हणायचे. तेही तोंडातल्या तोंडात. असं भाषण नाही करायचे."

देवलांनी हातातली तार खाली ठेवली. त्या म्हणाल्या, "ठसे फार पुसट येतात. निम्मे हरवतात. मधल्या रिकाम्या जागा यंत्र अंदाजाने भरतं. हा माणूस पुढे काय म्हणेल, त्याचा अंदाज." मग हळू आवाजात, "मलाही हल्ली झोप लागत नाही, काकू. फारच सुंदर बोलतात ते."

दोन दिवसांनी त्या एकट्याच आल्या. खुर्चीत टेकल्याही नाहीत.

"आज सकाळी मी दूरवरून सरांच्या जाळीचा संबंध तोडला होता. यंत्राला काहीच मिळत नव्हतं. नुसती खरखर. तरी ते बोललं." त्यांनी मोबाइल पुढे धरला. त्यातून सरांचा आवाज आला, स्वच्छ, प्रसन्न: मित्रहो, आपण मुळापासून सुरुवात करू.

मेहरुन्निसांनी तो पुन्हा लावायला सांगितला नाही. त्या स्वयंपाकघरात गेल्या, दोन कप चहा टाकला, आणि चहा उकळून उतू जाईपर्यंत गॅसकडे बघत राहिल्या.

तहसीनला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती देवलांवर ओरडली. आईवरही. "तुम्ही अब्बांना परत गप्प केलंत! थोडं खोटं असतं तर काय बिघडलं असतं? मला चालत होतं!"

"मला नव्हतं चालत," मेहरुन्निसा म्हणाल्या. "मी त्यांच्याजवळ राहते."

देवलांनी अंदाज भरणारा भाग बंद केला. आता पडद्यावर तुटक ध्वनी येत, ज्यांचा काही शब्द होत नव्हता. ठसे खरे होते, उमटत होते, पण तक्त्याशी जुळत नव्हते. देवल दिवसचे दिवस पडद्यासमोर असत. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "सरच व्याख्यानात सांगायचे, आधी भाषा ओळखा, मग अक्षरं मोजा. भाषेबद्दल तर शंकाच नाही. मग चुकतंय कुठे?"

मेहरुन्निसा चादर बदलत होत्या. त्या थांबल्या. "भाषा कुठली धरलीत?"

"मराठी. सरांची सगळी व्याख्यानं मराठीत..."

"ती व्याख्यानं. आमच्या घरात मराठी सुरू व्हायची ती दारात कोणी आलं की."

 इतकी साधी गोष्ट, आणि ती दोघींपैकी कोणाच्याच लक्षात आली नव्हती.

सरांची बोली दखनी, मिरजेच्या मोहल्ल्यातली. मेहरुन्निसा दापोलीकडच्या, कोकणी बोलत आलेल्या. लग्नानंतर या दोन बोलींची आणि मराठीची मिळून जी खिचडी झाली, तीच घरात शिजत राहिली. तहसीन झाल्यावर सरांनी ठरवून तिच्याशी फक्त शुद्ध मराठी बोलायला घेतलं. शाळेत आपल्या उच्चारांना पोरं हसायची, हे ते विसरले नव्हते. ती खोलीत आली की भाषा बदलायची. त्यामुळे घरातली भाषा दोघांतच राहिली. आणि तिचं एकही ध्वनिमुद्रण नव्हतं. दही आणायला सांगताना कोण मुद्रण करतं?

"मग तक्ता तुम्हालाच द्यावा लागेल, काकू," देवल म्हणाल्या. "ते जसं बोलायचे तसं बोलायचं. आठवेल ते. रोज थोडं."

"मी दमलेय, डॉक्टर."

"माहीत आहे."

तरी त्यांनी दिलं. दुपारी सरांचं जेवण नळीतून उतरत असताना त्या समोर मायक्रोफोन घेऊन बोलत. मेरा चष्मा किधर रखी गे. छत्री ले के जा, नै तो भीगेंगी. चाय में इत्ती शक्कर कायकू? सोजा अब, मैं दरवाजा लगातूं. सुरुवातीला लाज वाटली. मग एकातून एक निघत गेलं. भांडणं निघाली. तहसीनला ताप आलेल्या दिवसांतलं बोलणं निघालं. सासूच्या शेवटच्या आजारात दोघं कुजबुजायचे ते निघालं. कधीकधी नवऱ्याचं वाक्य म्हणता म्हणता त्या स्वतःचं उत्तरही देऊन टाकायच्या, आणि देवलांना ते वेगळं काढावं लागायचं.

तहसीन रजा काढून आली होती. रागातच आली होती. पण दारात उभी राहून ऐकता ऐकता ती जमिनीवर टेकली.

"अब्बा असं बोलायचे?"

"असंच."

"माझ्याशी कधीच नाही बोलले."

मेहरुन्निसांनी मायक्रोफोन बाजूला ठेवला. "तुला चांगलं द्यायचं होतं त्यांना. चांगलं म्हणजे काय, ते त्यांनी ठरवलं."

नवा तक्ता तयार झाला. पूर्वीसारखी वाक्यं काही आली नाहीत. बरंचसं अजूनही बंदच होतं. मजकूर कमी पडतो, देवल म्हणाल्या. थोडक्या मजकुरात मोजणी फसते, हे अल्-किंदीनेही बजावलं होतं. पण एक शब्द लख्ख उमटला. दिवसातून बऱ्याचदा, तोच तो.

बस.

 ज्याचा त्याचा अर्थ ज्याला त्याला कळला होता.

"बस. पुरे." तहसीन म्हणाली.  "अम्मी, ते पुरे म्हणतायत."

तोपर्यंत कायदा बराच स्पष्ट झाला होता. अशा रुग्णाने स्वतःची इच्छा कळवली, आणि डॉक्टरांच्या मंडळाला ती पटली, तर नळी काढता येत होती. तहसीनने चौकशी केली. देवलांनी, आपलं मत न देता, नियम वाचून दाखवले. आता मेहरुन्निसांनी 'हो' म्हणायचं बाकी होतं.

त्या म्हणेनात.

"तुला त्यांना असंच ठेवायचंय?" तहसीनने विचारलं. "तुझ्यासाठी?"

"माझ्यासाठी?" मेहरुन्निसा हसल्या, पण ते हसू कोणाला बघवलं नाही. "बेटा, माझे गुडघे गेले. मला सलग झोप कशी असते ते आठवत नाही. रोज पहाटे उठते तेव्हा पहिला विचार येतो की आज संपलं असेल तर बरं. तो शब्द वाचला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणून तर भीती वाटते. मला जे हवंय तेच मी त्यात वाचत नसेन कशावरून?"

देवल खिडकीपाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "काकू, तुमच्या माहेरी 'बस' म्हणजे काय?"

"बस म्हणजे बस. खाली बस."

"मराठीतही. सर तुम्हाला 'बैठ' म्हणायचे, की 'बस'?"

मेहरुन्निसांनी आठवून पाहिलं. इतके दिवस शब्दामागून शब्द काढून दिले होते, पण हा एक हाताला लागेना. "आठवत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणालेच नसतील. मी बसलेय कुठे?"

मग देवलांनी सुचवलं, शब्दाचा अर्थ शब्दात सापडत नसेल तर तो कधी येतो ते बघू. काही दिवस त्या पाळत ठेवून राहिल्या. कफ ओढताना, जो सगळ्यांत वाईट वेळ, तेव्हा 'बस' येत नव्हता. फिजिओथेरपीच्या मुलीने पाय वाकवले तेव्हाही नाही. बदलीची नर्स असली की नाहीच. मेहरुन्निसा खोलीत वावरत असल्या की यायचा.

"तरी त्याचा अर्थ पुरे असू शकतो," तहसीन म्हणाली. ती आता वाद घालत नव्हती, तीही थकली होती. "पुरे कर, माझ्यासाठी नको करूस, असं. तुला बघून म्हणत असतील."

"असू शकतो," देवल म्हणाल्या.

त्या दिवशी सकाळपासून पाणी आलं नव्हतं. मेहरुन्निसांनी खालून बादल्या चढवून घेतल्या होत्या, सरांना आंघोळ घातली होती, कूस बदलली होती. चार वाजता औषध देऊन त्या वळल्या आणि त्यांचा पायच उचलेना. त्यांनी भिंतीकडची प्लास्टिकची खुर्ची ओढली, खाटेला अगदी लागून ठेवली, आणि बसल्या. काही पारखायचं म्हणून नव्हे. उभं राहवेना म्हणून. सरांचा हात चादरीवर होता, त्याच्याशेजारी त्यांनी आपला हात टाकला आणि डोळे मिटले.

तहसीन पडद्यासमोर होती. सकाळपासून अधूनमधून उमटणारा शब्द थांबला. ती वाट बघत राहिली. बऱ्याच वेळाने दुसरेच ठसे आले, मोठी सलग ओळ, सावकाश, पूर्वी कधी न आलेली. त्यातलं काहीही वाचता येत नव्हतं.

तिने देवलांना फोन करून बोलावून घेतलं. देवलांनी पडदा पाहिला, मागची नोंद पाहिली, मग खुर्चीजवळ येऊन हलकेच म्हणाल्या, "काकू, फक्त एकदा उभ्या राहता का? खात्री करायला."

मेहरुन्निसांनी डोळे उघडले नाहीत.

"नाही," त्या म्हणाल्या. "आता मला उठवू नका."

 देवलांनी यंत्राचा आवाज बंद केला आणि तहसीनला घेऊन बाहेर गेल्या.

मंडळाकडे अर्ज गेला नाही. तहसीनने पुण्याची नोकरी मिरजेतून करायची सोय लावून घेतली आणि उभ्याने करायची कामं आपल्याकडे घेतली. मेहरुन्निसा दुपारी खुर्चीत असत. कधी जुनं काही बोलत, बहुतेक वेळा डुलक्या घेत. ठशांचा मजकूर वाढत गेला, तसे काही शब्द सुटत गेले. पाणी. पाठ. पंखा. एकदा 'तहसीन', आणि त्याच्यामागे एक मोठं वाक्य, जे सुटलं नाही. तहसीन ते वाक्य रोज पाहायची. तिने आईकडून घरची बोली शिकायला घेतली होती. तिचे उच्चार मात्र पुस्तकी मराठीचे राहिले, आणि मेहरुन्निसा त्यावर हसायच्या.

अल्-किंदीबद्दल सर एक शब्दही बोलले नाहीत. देवलांना याचं वाईट वाटलं असावं. त्यांनी तसं दाखवलं नाही.

पुढच्या थंडीत सरांना न्यूमोनिया झाला. इस्पितळात त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता घशाला भोक पाडून श्वासाचं यंत्र लावावं लागेल. लावलं तर काही महिने मिळतील. ठरवायला फारसा वेळ नव्हता. सगळे मेहरुन्निसांकडे बघू लागले.

"त्यांना विचारा," त्या म्हणाल्या.

देवलांनी खोका जोडला. अंदाज बंद. दोन तक्ते शेजारी ठेवले, व्याख्यानांचा आणि घरचा. तहसीन वडिलांच्या कानाशी वाकली. "अब्बा," ती तिच्या कच्च्या दखनीत म्हणाली, "सांस की मशीन लगाना क्या?"

बराच वेळ काही आलं नाही. मग आलं. देवलांनी एका तक्त्याकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे.

"मराठीत 'नको' येतंय," त्या म्हणाल्या. "घरच्यात 'नक्को'."

"परत विचार," मेहरुन्निसा म्हणाल्या.

तहसीनने विचारलं. नक्को.

या शब्दाला दोन अर्थ नव्हते. कोणत्याही भाषेत तो सारखाच होता, आणि मेहरुन्निसांना त्यात आपलं काही वाचावं लागलं नाही. त्यांनी डॉक्टरांना मान हलवून सांगितलं. मंडळाने त्याच दिवशी कागद पाहिले. यंत्र लावलं नाही, त्रास होऊ नये एवढीच औषधं दिली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, तहसीन पाय चेपत असताना, सर गेले.

मातीनंतर काही दिवसांनी एक पत्रकार घरी आला. जुन्या व्याख्यानांचा चाहता होता. अदबीने बोलत होता. त्याला सरांचे अखेरचे शब्द हवे होते. अल्-किंदीविषयी, ज्ञानाविषयी काही म्हणाले का?

"नक्को म्हणाले," मेहरुन्निसा म्हणाल्या.

तो पुढचं लिहून घ्यायला थांबला. "आणि?"

"एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच. पण ते त्यांचं होतं." त्या खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठल्या. "तहसीन, यांना चहा दे. मी जरा आडवी होते."

आणि त्या आत जाऊन झोपल्या.